दिशागुरूचा काळा दगड

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या म्हणून माणसं जमिनीवर बसली होती, जमीन भरली म्हणून खिडक्यांत चढली होती, आणि एवढ्या गर्दीत कुणी खोकतही नव्हतं. सगळ्यांच्या नजरा मधल्या गोल टेबलावर. छताच्या तुळईपासून एक बारीक दोरा खाली आला होता आणि त्याच्या टोकाला, टेबलाच्या वीतभर वर, दोन मुठींएवढा काळा दगड लटकत होता. टेबलावर घड्याळाच्या तबकडीसारखा तक्ता रंगवलेला होता. आकड्यांच्या जागी चित्रं: डोळे, घसा, छाती, पोट, कंबर, गुडघे. टेबलाशी एक बाई डोळे मिटून बसली होती आणि तिच्याभोवती पांढऱ्या कपड्यांतला दिशागुरू काठी टेकत संथ चालत होता.

दगड हलला.

वारा नव्हता. कुणी हात लावला नव्हता. दगडाचं टोकदार नाक सावकाश वळलं, पोटावरून पुढे गेलं, कमरेपाशी जरा घुटमळलं आणि गुडघ्यावर येऊन थांबलं.

"गुडघा," दिशागुरू हळूच म्हणाला. "डावा."

"डावाच हो!" बाई रडायलाच लागली. "चार वर्षं झाली!"

गर्दीतून एक मोठा निःश्वास गेला. माझ्या शेजारी बायको बसली होती, तिच्या पलीकडे तिचे वडील. ज्यांना मी लग्नापासून बाबाच म्हणतो. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचं सगळं मी त्या पाण्यामुळे केलं.

"रक्तात लोखंड असतं," दिशागुरू सांगत होता. "ते उत्तरेला तोंड करून वाहायला हवं. ताईंचं रक्त दक्षिणमुखी झालंय. म्हणून गुडघा कुरकुरतो." मग त्यानं दगड दोऱ्यावरून उतरवला, बाईच्या छातीशी धरला आणि आवाज खाली आणला. "हा दगड एके काळी आग होता. वाहत होता. इथे नाही. इथून हजारो किलोमीटर लांब, विषुववृत्ताच्या पलीकडे. थंड होताना त्यानं आपल्या जन्मगावाची दिशा पोटात साठवली. मग त्याच्याखालची जमीन निघाली. आपली नखं वाढतात ना, त्या वेगानं. कोट्यवधी वर्षं चालत ती इथे आली. दगड तिच्या पाठीवर बसून आला. पण जन्मगाव विसरला नाही. ज्याला एवढं आठवतं, त्याला तुमचं दुखणं कळणार नाही?"

दगडाच्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य सोडलं तर तिच्यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि शब्द न् शब्द माझा होता.

मी खडकांचं चुंबकत्व मोजतो. गेली एकवीस वर्षं माझं तेच काम. लाव्हा थंड होतो तेव्हा त्यातले लोहखनिजाचे बारीक कण त्या वेळच्या, त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला तोंड करून गोठतात. विषुववृत्तावर ती दिशा जमिनीला समांतर असते, ध्रुवाकडे जावं तशी अधिक तिरपी होत जाते. म्हणजे गोठलेला कल मोजला की खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला ते कळतं. आमच्या शहरामागच्या टेकडीचे खडक मी असे मोजले आणि ते कुठून आले ते सिद्ध केलं. त्यावर मी सभागृहात व्याख्यान दिलं तेव्हा अकरा माणसं आली होती. त्यातली तिघं पुढच्या कार्यक्रमाला जागा धरायला.

आणि हा दिशागुरू कोण? आमच्या जीपचा ड्रायव्हर. आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो, कारण त्याचं तोंड बंद व्हायचं नाही. सहा वर्षं त्यानं आमची यंत्रं टेकडीवर वाहून नेली, मी खडकात ड्रिल चालवायचो तेव्हा पंपानं पाणी मारलं, आणि परतीच्या वाटेवर माझी बडबड ऐकली. प्रकल्प संपला, जीप विकली गेली, रेडिओची नोकरी गेली. त्यानंतर तो कुठे गेला ते मी कधी विचारलं नाही.

आता तो समोर होता. चारशे माणसं श्वास धरून माझी वाक्यं त्याच्या तोंडून ऐकत होती. मत्सर हा पुस्तकातला शब्द झाला. मला जे झालं त्याला जळणं म्हणतात. बरगड्यांच्या खाली, अगदी जागा दाखवता येईल असं.

मी उभा राहिलो. "हे साफ खोटं आहे," म्हणायला तोंड उघडलं. पण रेडिओनं मला आधीच हेरलं होतं.

"सर!" त्यानं हात जोडून कमरेत वाकून नमस्कार केला. "मंडळी, आजचा दिवस भाग्याचा. मी दगडाची भाषा ज्यांच्याकडून शिकलो ते माझे गुरू इथे बसलेत. शास्त्रज्ञ आहेत. टाळ्या वाजवा!"

चारशे माणसं माझ्याकडे वळली. टाळ्यांनी पत्रा थरथरला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेऊन कपाळाला लावला.

आणि मी खाली बसलो. कसंबसं हसलोसुद्धा. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अकरा माणसांच्या त्या व्याख्यानाचा सगळा वचपा निघाल्यासारखं. दाराशी नावं लिहून घेणाऱ्या एका ताईंच्या शेजारी मोठी टोपली होती. "दिशा लागली की औषध सोडा," असं वर लिहिलेलं, आणि आत गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग. ती टोपली मी येताना पाहिली होती, जातानाही पाहिली. तरी बोललो नाही.

घरी आल्यावर बायकोशी वाजलं.

"तू रडत होतीस," मी म्हणालो.

"हो. छान सांगत होता."

"ती माझी वाक्यं आहेत! दगडाला जन्मगाव आठवतं, नखांचा वेग, सगळं माझ्या लेखातलं."

बायको छापखान्यात मुद्रितं तपासते. शब्दांच्या बाबतीत तिच्याशी वाद घालू नये, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

"तुझं वाक्य मला पाठ आहे," ती म्हणाली. "'शीतलीकरणाच्या प्रक्रियेत खनिजकण तत्कालीन क्षेत्राची दिशा ग्रहण करतात.' जन्मगाव मी घातलं. नखंही मीच. तू ते खोडून परत 'प्रतिवर्ष काही सेंटिमीटर' केलंस, आणि जीपमध्ये मात्र माझं सांगत फिरलास."

म्हणजे आता मला कुणावर जळायचं तेही कळेना.

"आणि तो फसवतोय हे तुला कळतंय ना?" मी विचारलं.

"मला वाटतंय. तुला माहीत होतं. तू उभा राहिलास आणि बसलास." तिनं दिवाणावरची चादर ओढून सरळ केली. "तुला त्याचं खोटं खुपत नाहीये. त्याची गर्दी खुपतेय."

बाबा त्यांच्या खोलीत बसले होते. दार उघडंच होतं, पण त्यांनी ऐकल्याचं दाखवलं नाही. बाबा घड्याळजी. साठ वर्षं डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची वेळ लावून दिली. सासूबाई गेल्यापासून दुकान बंद आणि गुडघे बोलायला लागलेले. दोन वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके चुकायला लागले म्हणून त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला होता. रेडिओच्या सभेला ते गुडघ्यांसाठी जायचे असं म्हणायचे. मला वाटतं, चार माणसांत बसायला मिळायचं म्हणून जायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच गेले. दुपारी बायकोचा फोन आला. गोदामातून कुणीतरी तिला कळवलं होतं की बाबा टेबलाशीच कोसळले.

रुग्णालयात पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. डॉक्टरीणबाई पेसमेकरच्या नोंदी पडद्यावर पाहत होत्या.

"सव्वाअकराच्या सुमारास पाच मिनिटं यंत्र चुंबकाखाली होतं," त्या म्हणाल्या. "जोरदार चुंबक जवळ आला की हे यंत्र हृदयाचं ऐकणं सोडतं आणि आपल्याच ठरावीक तालात ठोके देत सुटतं. चुंबक काढला की पूर्ववत होतं. पण या वयात तेवढ्यानंही चक्कर येते. याहून वाईटही होऊ शकलं असतं. कुठे गेला होतात, आजोबा?"

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्यानं दगड छातीवर ठेवला. मी ठेवू दिला. त्या दिवशी तुम्ही उभे राहिलात, जावईबापू, मला वाटलं आता काहीतरी बोलाल. तुम्ही हसून खाली बसलात. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस गप्प बसतोय, म्हणजे खरंच असणार."

त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. बायकोनं त्यांना पाणी दिलं. बाबांनी सवयीनं मनगटाकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"किती वाजले?"

"चार वाजून दहा."

"माझ्यात पाच वाजून गेलेत." त्यांनी चावीचं जुनं घड्याळ उतरवून कानाशी धरलं. चेहरा बदलला. आजारी माणसाचा चेहरा गेला आणि दुकानातला आला. "पळतंय हे. आतली केसासारखी स्प्रिंग असते ना, तिला चुंबक लागला की वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग आखूड होते, घड्याळ धावायला लागतं. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन यायची अशी." ते माझ्याकडे वळले. "तुमचे दगड एवढे जोरदार असतात?"

"नाही," मी म्हणालो. आणि म्हणतानाच मला लाजेनं घाम फुटला, कारण हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी स्वतःला विचारायला हवा होता. "आमच्या खडकाचं चुंबकत्व इतकं क्षीण असतं की ते मोजायला पृथ्वीचंसुद्धा क्षेत्र अडवणारी खोली लागते. त्यानं घड्याळ बिघडणार नाही. टाचणीही उचलली जाणार नाही."

"मग आत काहीतरी आहे," बाबा म्हणाले. "घड्याळाचं झाकण उघडल्याशिवाय मी कधी निदान केलं नाही. या दगडाचंही उघडू."

"तुम्ही त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही," बायकोनं दटावलं.

"हातभर लांबून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दगड छातीशी न्यायचा नाही. आणि मी सोबत येते. त्याच्या दारातल्या टोपलीबद्दल ऐकून आहे मी, तिच्यात माझ्याच रुग्णांच्या गोळ्या असणार."

रविवारी सकाळी आम्ही चौघं गेलो. गर्दी तेवढीच. बाबा कोसळले ते "शरीरातली जुनी दिशा निघून जाताना होणारा हिसका" होता, असं रेडिओनं मधल्या काळात पसरवून ठेवलं होतं. उलट नावच वाढलं होतं त्याचं.

बाबा टेबलाशी बसले, खुर्ची मागे ओढून. "गुरुजी, दिशा परत बिघडली."

"बिघडणारच!" रेडिओ खुलला. "हट्टी रक्त आहे. दगड बोलेल." तो काठी घेऊन फिरू लागला आणि दगड वळू लागला. या वेळी मी दगडाकडे पाहिलंच नाही. काठीकडे पाहिलं. काठीची पितळी मूठ जिकडे, दगडाचं नाक तिकडे.

"गुडघे," रेडिओ म्हणाला. त्यानं दगड उतरवला आणि बाबांकडे आणला. बाबांनी हात लांब करून तो वाटेतच घेतला आणि टेबलावर ठेवला. मग खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली, झाकण उघडलं आणि घड्याळांचे शेकडो बारीक पोलादी स्क्रू दगडावर ओतले.

"अहो, काय करताय!"

"वेळ लावतोय दगडाची."

स्क्रू घरंगळले. पण सगळे नाही. दगडाच्या एका कुशीवर ते केसांसारखे ताठ उभे राहिले, बरोबर नाण्याएवढ्या गोलात. बाकीच्या दगडावर एक चिकटला असेल तर शपथ. पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या.

मी पिशवीतून दुसरा काळा दगड काढला. "हा त्याच टेकडीचा, त्याच लाव्हाचा. बाबा, याच्यावर ओता."

बाबांनी ओतले. सगळे स्क्रू पावसाच्या पाण्यासारखे खाली गेले.

"हा दगड मेलेला आहे!" रेडिओ ओरडला. "माझा जागा केलेला आहे!"

"दाखवा बघू," बायको म्हणाली. तिनं त्याच्या हातून काठी केव्हा काढून घेतली ते मलाही कळलं नाही. बाबांनी दगड परत दोऱ्याला अडकवला. बायकोनं काठीची मूठ घशाच्या चित्राकडे नेली. दगड घशाकडे वळला. पोटाकडे नेली. दगड पोटावर आला.

"याला भूक लागलीय वाटतं," ती म्हणाली.

खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. हसू गोदामभर पसरलं, आणि चारशे माणसांवरची ती भूल उतरायला तेवढं पुरलं.

"पण माझा डावा गुडघा कसा कळला?" परवाच्या बाईनं रागानं विचारलं.

"दारात नाव लिहून घेणाऱ्या ताईंनी तुम्हाला काय काय विचारलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाई आठवू लागल्या आणि आठवता आठवता त्यांचा चेहरा उतरला.

मी दगड हातात घेतला. स्क्रू झटकल्यावर खालून एक बारीक गोल रेघ दिसली. तो गोल मी डोळे मिटून ओळखला असता. खडकातून बोटभर जाडीचा नमुना काढायचं आमचं पोकळ ड्रिल अगदी एवढंच भोक पाडतं. प्रयोगशाळेमागे टाकून दिलेल्या दगडांतला हा एक. बाबांनी खिशातला पेचकस रेघेत घातला आणि घड्याळाचं झाकण उघडावं तसं दगडाचं झाकण उघडलं. आत चकचकीत, गोल, जोरदार चुंबक.

"हा बाजारात मिळतो," मी म्हणालो. "काठीच्या मुठीत याचाच भाऊ आहे. यानंच बाबांचा पेसमेकर बहिरा केला. आणि रक्तातलं लोखंड खिळ्याच्या लोखंडासारखं नसतं. ते चुंबकाकडे बघतही नाही. दक्षिणमुखी रक्त असं काही नसतं."

डॉक्टरीणबाईंनी टोपली उचलून टेबलावर ठेवली आणि पाकिटांवरची औषधांची नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. रक्तदाब, साखर, फिट्स. एकेक जण मान खाली घालून पुढे येऊ लागला. काही जण मात्र आम्हालाच शिव्या घालत बाहेर पडले. कपाळाला माझा हात लावणारा म्हातारा जाताना थुंकला. तेही सांगितलं पाहिजे.

डॉक्टरीणबाईंनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत रेडिओ पायरीवर बसून होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"सर, मी दगडाची गोष्ट खोटी सांगितली का?"

"शेवटचं वाक्य खोटं होतं."

"त्याच्याशिवाय कोण आलं असतं? तुमच्याकडे कोण आलं?"

तो म्हणत होता ते खरं होतं, आणि ते खरं असल्याची मला त्याही क्षणी आग होत होती. पण एक गोष्ट मला तेवढ्यात स्पष्ट दिसली. त्याच्या गर्दीतल्या एका माणसाला त्यानं फिट्सची गोळी टाकायला लावली होती. माझ्या अकरा माणसांपैकी कुणाचंही मी काही काढून घेतलं नव्हतं. माझं मौन मात्र बाबांच्या जिवावर उठलं होतं, आणि त्या मौनाचं कारण टाळ्या होत्या.

मी आत परतलो. वीस-बावीस माणसं अजून घुटमळत होती. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "सांग आता. आणि सेंटिमीटर नको."

मी सांगितलं. आगीची नदी, गोठलेले कण, जमिनीचा प्रवास. होकायंत्र घेऊन आम्ही टेकडीवर एकेका दगडाची बाजू कशी लिहून ठेवतो, आणि शंभर दगडांनी एकच दिशा दाखवल्याशिवाय एकावरही विश्वास का ठेवत नाही. बोलताना मी दोनदा अडखळलो. रेडिओ माझ्यापेक्षा छान सांगायचा, ते आजही मान्य आहे. बाबा मात्र पुढे बसून सगळ्यांना स्क्रू परत वेचायला लावत होते, आणि लोक माझ्यापेक्षा त्यांच्याचकडे जास्त कौतुकानं बघत होते. जळफळाट झाला. होऊ दिला.

शेवटी त्या डाव्या गुडघ्याच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे दगड खरंच तिकडून आला?"

"खरंच आला."

"आणि माझ्या गुडघ्याचं?"

"गुडघ्याचं या डॉक्टरीणबाईंना विचारा. दगड कुठून आला, ते तुम्ही स्वतः मोजून बघू शकता. प्रयोगशाळा टेकडीच्या पायथ्याशी आहे, दार उघडं असतं. मी सांगतो म्हणून मानू नका. परवा मी इथे हसत गप्प बसलो होतो. मी शास्त्रज्ञ आहे म्हणूनसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवू नका. यंत्र हातात घ्या, बघा, शंका काढा, परत मोजा."

बाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"मंगळवारी येते," त्या म्हणाल्या. "पण गुडघा दुखतो. जिना आहे का?"

"चार पायऱ्या आहेत."

"मग येते."